इन्स्पेक्टरबाईंची हिरवी कांडी

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना गल्लीत पाठीमागे ‘तोफ’ म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. तोफ उगाच उडत नाही, कुणीतरी बत्ती द्यावी लागते, एवढंच त्यांचं म्हणणं.

पूर्वी त्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. तिथल्या मुख्य बाई आदल्या दिवसाची उतरलेली भाजी भरपूर मसाल्याखाली दडवून मुलींना वाढायच्या. एके दिवशी मावशींनी भरल्या जेवणघरात ते पातेलं मुलींच्या नाकाखाली नेऊन धरलं आणि आल्या पावली नोकरी सोडली. मग घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर काढलं. खाणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या माणसांची त्यांना तेव्हापासून जी चीड बसली, ती वयानंही निवली नाही.

त्यांचे यजमान फ्रीज दुरुस्त करायचे. कुणा गिऱ्हाइकानं सोडून दिलेला एक जुना फ्रीझर त्यांनी खटपट करून चालू केला, तेव्हा मावशींच्या डोक्यात आइसकांडी आली. पण रंगाचं पाणी गोठवून पोरांच्या हातात द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी पालक घेतला. आणि पहिल्याच दिवशी कायदा केला, की ज्याला कांडी हवी त्यानं आपली पानं आपण धुवायची आणि आपल्या हातानं मिक्सरच्या भांड्यात टाकायची.

दुपारी झोपून उठलं की मोरीपाशी पोरांची रांग लागे. आधी नुसती पानं आणि थोडं पाणी फिरवायचं, कारण धागा राहिला तर पोरं थुंकतात. मग पिकलेलं केळं, अननस आणि वरून लिंबू पिळायचं, नाहीतर हिरवा रंग मळका होतो. साच्यात ओतलं की लगेच काडी खोचायची नाही, दारुड्यासारखी कलते. जरा गोठू द्यायचं, मग खोचायची. हे सगळं पोरांना पाठ होतं. दुसऱ्या दिवशी हनुवटीवरून हिरवे ओघळ गाळत ती ‘माझं पान, माझं पान’ म्हणून चाटत बसायची.

आया बघायला आल्या. एक म्हणाली, “किती युक्तीनं लपवता हो तुम्ही पालक!”

“लपवते?” तोफ उडाली. “पोरांनी स्वतः धुऊन टाकलाय. मी काय चोर आहे?”

आणि मग इन्स्पेक्टरबाई आल्या. वय वर्षं पाच, हाता-पायांच्या काड्या. जे समोर येईल ते ती आधी उघडून बघायची. पाव असेल तर आतला मऊ भाग चिमटीनं सोडवायची, भात असेल तर शीतं चमच्यानं पसरायची. दूध हुंगायची. पांढरं, साधं, आत काहीच लपू शकणार नाही असं असलं तरच खायची. हे नाव मावशींनी ठेवलं, तेव्हा ती हसलीही नाही. मान डोलावून पुढच्या शिताकडे वळली.

कारण कळायला वेळ लागला नाही. तिची आई विमा कंपनीत कामाला होती, स्वभावानं गरीब, सतत घाईत. ती कौतुकानं सांगायची, “मी सॉसमध्ये भोपळा घालते, पावाच्या पिठात बीट, काही कळत नाही हो तिला!”

कळत नाही म्हणे. त्या पोरीला सगळं कळत होतं. घरातला एकही घास सरळ नाही, हे तिला कळलं होतं आणि म्हणून ती उपाशी राहत होती. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं होतं, तेही ती तोंडाला लावू देत नव्हती.

मावशींनी तिला आग्रह केला नाही. मिक्सरशेजारच्या स्टुलावर बसवलं. “साहेब, तपासा,” म्हणाल्या. ती रोज तपासायची. पानांच्या मागची बाजू, केळ्याचं साल, भांड्याचा तळ. पुढे पुढे आपणच पानं धुऊ लागली. आणि एक दिवस तिनं कांडीचं टोक जिभेला लावलं, थांबली, आणि सबंध कांडी काडीपर्यंत संपवली. मावशी आत गेल्या आणि यजमानांसमोर पदरानं डोळे पुसले. यजमान घाबरले. त्यांना वाटलं, फ्रीझर गेला.

पोर कांडी खाऊ लागली, कांडीमागून केळं, मग उकडलेला बटाटा. आई हरखून गेली. एका शनिवारी म्हणाली, “मावशी, रविवारसाठी थोड्या द्याल का? घरी मागते ती.” मावशींनी पोरीनंच केलेल्या कांड्या डब्यात घालून दिल्या.

सोमवारी इन्स्पेक्टरबाई स्टुलावर चढल्या नाहीत. कांडी समोर ठेवली तर बशीत आडवी करून चमच्यानं तिचे तुकडे केले. भातही खाल्ला नाही.

“काय झालं गं?”

“कालची कांडी खिळ्यासारखी लागत होती. काळपट होती.” मग तिनं मान वर करून विचारलं, “तू काय घातलंस त्यात?”

“मी? मी नाही काही घातलं.”

“आई म्हणाली, मावशीनंच पाठवलीय तशी.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षणात सगळं लक्षात आलं. कांड्या वितळवल्या, औषध ओतलं, परत गोठवल्या, आणि वर नाव कुणाचं, तर मावशीचं! जिच्या स्वयंपाकघरात पोरगी भांड्याचा तळ बघून मगच बसायची, तिचं नाव! दुपारभर पोरी-पोरांना उगाच ओरडा बसला. यजमान दारातूनच परत फिरले.

संध्याकाळी आई आली. मावशींनी दार लावून घेतलं.

“कांडीत औषध घातलंत?”

आईचा चेहरा उतरला. “दोनच चमचे, मावशी. तुमच्या हातचं म्हटलं की खाते, म्हणून...”

“माझ्या हातचं म्हटलं की!” एरवी आयांना अहो-जाहो करणाऱ्या मावशी तिथेच अगं-तुगंवर आल्या. “अगं, तिनं सगळ्या जगात एका जागी विश्वास टाकला होता, तोही तू चमच्यानं ढवळलास! आज ती भातसुद्धा खात नाही. मला विचारते, तू काय घातलंस? मी काय सांगू तिला?”

“तिचे रिपोर्ट आले की मला रात्र-रात्र झोप नाही हो,” आई रडवेली झाली. “मी तरी काय करू?”

ती घाबरली होती हे मावशींना दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच जास्त राग येत होता, कारण घाबरलेल्या माणसाला धड रागावताही येत नाही. त्यांनी पोरीला हाक मारली आणि आईला म्हणाल्या, “सांग तिला. आत्ता. माझ्यासमोर.”

आई खाली बसली. पोर दोन हात लांब उभी राहिली.

“कालच्या कांडीत मी तुझं औषध घातलं होतं,” आई म्हणाली. “मावशींनी नाही. मी खोटं बोलले.”

पोर रडली नाही. तिनं नीट विचारलं, “अजून कशात कशात घातलंयस?”

आई सांगू लागली. सॉसमध्ये भोपळा. पावात बीट. सूपमध्ये गाजर. दुधात पावडर. प्रत्येक नावाला पोर मान डोलवत होती, तिचे अंदाज बरोबर निघत होते. मग तिनं हळूच विचारलं, “आणि वाढदिवसाच्या केकमध्ये?”

आईनं पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मावशींनी आईकडे पाहिलं.

“त्यातपण,” आई म्हणाली.

पोरीनं पहिल्यांदा मान डोलावली नाही. केकवर तिनं संशय घेतला नव्हता. तिनं आईच्या पर्सच्या बंदाकडे पाहिलं. मग आत गेली, पालकाची जुडी घेऊन मोरीपाशी बसली आणि एकेक पान सोडवू लागली.

आई लगबगीनं उठली. “मी मदत करते हं, बाळा.”

“तू हात नको लावूस,” पोर म्हणाली. रागानं नव्हे, साधंच.

आई होती तिथेच थांबली. “बरं. मग कधी लावू?”

पोरीनं पान उलटं करून मागची बाजू पाहिली, पाण्यात बुडवलं आणि खरंखुरं उत्तर दिलं.

“मला नाही माहीत.”