नाकेदाराचा हक्क

बकरी असो, वासरू असो की कोणाच्या घरचं पोर, समोर आलं की ती म्हातारी आधी डोक्यावर अंगठा दाबायची. मग म्हणायची, "कडक हाये. जा." ज्याचं डोकं कडक तो तिच्या लेखी ठणठणीत. एकदा तालुक्याचे एक पुढारी आमच्या दवाखान्यात आले, तर तिने त्यांचंही डोकं दाबून पाहिलं आणि मला सांगितलं, "लय कडक हाये." पुढारी खूश झाले.

आणीबाणी उठली त्या सुमारास मी अड्याळच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो. तिथून थोड्या अंतरावर, तलावाच्या काठी तिचं गाव. साऱ्या गावच्या बकऱ्या ती चारायची. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. लोक तिला बुढीमाय म्हणत. सोबत एक तांबडा कुत्रा असे, त्याचं नाव नाकेदार. जंगलखात्याचा नाकेदार जशी लाकडाची बैलबंडी अडवतो, तसा हा रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस अडवायचा. फरक एवढाच, की याला कागद दाखवून भागत नसे.

पहिल्यांदा ती आली ती दोरीला बकरी बांधून. बकरी सरळ चालतच नव्हती. मान डावीकडे कलती ठेवून गोल गोल फिरत होती. दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाला तिने इतके फेरे घातले, की दोरी संपली आणि बकरी झाडाला चिकटली.

"बाबू, हे काहून घुमून राहिली?" बुढीमायने विचारलं. "लोकं म्हंतात, देवी आली."

मी बकरीच्या शिंगामागे अंगठा दाबला. हाड ओल्या पापडासारखं आत गेलं. मेंदूत पाण्याची पिशवी वाढली की वरची कवटी अशी मऊ पडते. तिने लगेच आपला अंगठा पुढे केला आणि तीच जागा दाबून पाहिली.

"अंदर पानी हाये त काढ मंग," ती म्हणाली.

मी असं ऑपरेशन पुस्तकात वाचलं होतं. कवटी उघडली, लिंबाएवढी पातळ पिशवी अख्खी बाहेर काढली. पिशवीला आतून खसखशीसारखे पांढरे दाणे चिकटलेले होते. ऑपरेशन उत्तम झालं. फक्त बकरी मेली.

बुढीमायने बकरीच्या गळ्यातली दोरी सोडून घेतली. मग म्हणाली, "बरं. मुंडी दे."

"कशाला?"

"नाकेदाराचा हक्क हाये."

तेव्हा मला गावची रीत कळली. धडधाकट बकरी कापली की मुंडी घरात शिजायची, आणि तुम्हाला ठाऊक आहे, मुंडीच्या रश्श्यावरून सख्खे भाऊ भांडतात. पण घुमणारी बकरी मरायच्या आत कापली, तर मटण वाटून घ्यायचे आणि मुंडीला हात लावायचे नाहीत, कारण तिच्यात देवी. ती मुंडी राखणदाराला, म्हणजे कुत्र्याला. नाकेदाराने एकदा लांडग्याला पिटाळून लावलं होतं, त्यामुळे त्याचा हक्क सगळ्यांना मान्य होता.

दुखणं नेमकं तिथेच होतं. मी तिला समजावून सांगितलं. पिशवीतले ते दाणे म्हणजे जंताची पिल्लं. कुत्र्याने मुंडी खाल्ली की त्याच्या आतड्यात त्यांचे लांब जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. बकरी ते गवत खाते आणि जंत तिच्या मेंदूत जाऊन बसतो.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. दाराशी नाकेदार आमच्या शिपायाला आत येऊ देत नव्हता. त्याच्याकडे पाहत तिने विचारलं, "म्हंजे ह्यो?"

"हो," मी म्हणालो.

गावाला मी हेच सांगितलं. गावाने त्यातलं निम्मं ऐकलं आणि कुत्र्याला औषध घालून मारायचं ठरवलं. मला कळलं तेव्हा सरपंचाच्या ओसरीवर बैठक भरलेली होती. सरपंच भला माणूस, पण त्याच्याही बकऱ्या घुमल्या होत्या. बुढीमाय आली ती नाकेदाराच्या गळ्यातली दोरी कमरेला गुंडाळून.

"मुंडी त्यानं मांगतली नोहोती," ती म्हणाली. "तुमी देल्ली. देवीची हाये म्हनून तुमी नाही खाल्ली, त्याले देल्ली. आता त्यालेच मारता?"

मग सरपंचाने विचारलं, "मंग कराचं काय, बुढीमाय?"

तिचं सगळं ठरलेलं होतं. कुत्र्याला डॉक्टर जंताचं औषध देईल. घुमणाऱ्या बकरीची मुंडी ती स्वतः खोल गाडेल, वर दगड आणि बाभळीच्या काट्या टाकेल. आणि हक्क बुडाला म्हणून ज्याच्या घरी बकरी कापली जाईल त्याने नाकेदाराला रस्साभात द्यावा. बैठकीने पुढच्या पोळ्यापर्यंत मुदत दिली. त्यानंतर नवी बकरी घुमली, तर कुत्रा जाणार. आधीच्या अंड्यांनी यंदा आणखी काही बकऱ्या घुमतील, हे मी परोपरीने सांगितलं. तेवढ्या धरायच्या नाहीत असं ठरलं.

औषधाचा दिवस मला आठवतो. कुत्रा बांधून ठेवायचा आणि जे पडेल ते तिथल्या तिथे पुरायचं होतं. बुढीमायने नाकेदाराला बाभळीला बांधलं आणि स्वतः पाठ फिरवून बसली. "तू बी तिकडं पाय," ती मला म्हणाली. "त्याले लाज वाटते." मग मी, माझा शिपाई आणि ती, असे तिघे तलावाकडे तोंड करून बसलो. नाकेदाराने बराच वेळ घेतला.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी कळप सोडताना एकेका बकरीचं डोकं दाबून पाहू लागली. लोक हसायचे. मीही हसलो असेन. पण पोळ्यानंतर त्या अंगठ्याखाली एखादं हाड मऊ लागलं असतं तर तिचा कुत्रा गेला असता. डोकं कडक लागलं की तिचा चेहरा खुलायचा आणि ती पुढच्या बकरीकडे वळायची.

त्या वर्षी काही घुमल्या, मग थांबल्या. पोळ्याला बैठक बसलीच नाही. सरपंचाच्या घरून नाकेदाराला पुरणपोळी आली, एवढंच.

पुढे तो म्हातारा होऊन मेला. तिने दुसरा कुत्रा पाळला, त्याचंही नाव नाकेदारच. ते पद होतं.

माझी लाखनीला बदली झाली. काही वर्षांनी लसीकरणासाठी त्या गावी गेलो, तेव्हा बुढीमाय पार वाकली होती. सरपंच म्हणाला, तिला आता घर सापडत नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फेऱ्या घालत राहते. संध्याकाळी बकऱ्याच तिला घरी आणतात. मला मात्र तिने ओळखलं. जवळ येऊन डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि मान खाली केली.

"बाबू, मी बी घुमून राहिली. पाय बरं, नरम लागते का."

मी तिच्या पांढऱ्या केसांत अंगठा दाबला. पुढे, मागे, कानांच्या वर, सगळीकडे दाबून पाहिलं. कुठे तरी मऊ लागावं असं क्षणभर मला खरंच वाटलं. मऊ असतं तर काही करता आलं असतं.

"कडक आहे," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही. माझा हात धरून हळूच म्हणाली, "मी मेली त मुंडी खोल गाडजा. नवा नाकेदार लहान हाये, त्याले समजत नाही. मंग लोकं त्याले मारतीन."

ती गेल्याचं मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा सरपंच मला तलावापलीकडे घेऊन गेला. पाळीवर नव्या नाकेदाराने आम्हाला अडवलं. सरपंचाने सोबत आणलेला रस्साभाताचा द्रोण त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा कुठे वाट मिळाली. पुढे मातीचा उंचवटा होता. त्याच्यावर दगड होते, वर बाभळीच्या काट्या.

"तिनं तुमाले सांगतलं, तसंच आमाले बी सांगतलं होतं," सरपंच म्हणाला. "खोदनारा अंदर उभा राह्यला त त्याची मुंडी दिसत नोहोती, तवा थांबलो."