अर्ज येथे भरा

ऑफिसात तिला सगळे कंपासबाई म्हणत. अगदी तोंडावर. तिला राग यायचा नाही. उलट पेन्शनच्या फॉर्मवरही आता हेच नाव लिहावं लागेल म्हणून हसायची.

नव्या इस्पितळाच्या पाट्यांसाठी तिने अक्षरांचा जो टाइप आखला, त्यात दोनच गोष्टी होत्या: गोल आणि सरळ रेघ. जाडी सगळीकडे सारखी. बोरूचा नखरा नाही, शेपट्या नाहीत. व म्हणजे दांडीला टेकलेलं वर्तुळ, ट म्हणजे उजवीकडून कापलेलं. भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटते, ते तिच्या डोळ्यांत खुपायचं. "दात पडल्यासारखं दिसतं," म्हणाली आणि ती रेघ सांधून टाकली. तीन वर्षं गेली त्या टाइपात. इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी नमुन्यांना मंजुरी दिली. सोमवारी पाट्यांचे पत्रे कापायला जाणार होते.

रविवारी तिने नमुन्याची एक पाटी घरी आणली, वहिनीला दाखवायला. आई गेल्यावर तिला वहिनीनेच वाढवलं, पहिलं अक्षरही तिनेच गिरवून घेतलं. आता वहिनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. जीभ मात्र शाबूत.

पाटी भिंतीला टेकवली. वहिनी पार दाराशी जाऊन उभी राहिली. डोळे बारीक केले.

"अर्ज येथे... मरा."

"भरा गं, वहिनी!"

"मग लिहा ना तसं. दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या मरा म्हणता होय, वन्सं? निदान डॉक्टरला तरी भेटू द्या!"

कंपासबाई आधी चिडली. मग दाराशी गेली, चष्मा काढला आणि पाहिलं. तिलाही मराच दिसलं. रेघ इतकी नीट सांधली होती की भ आणि म जुळे भाऊ झाले होते.

सोमवारी साहेब म्हणाले, "कोण बघतंय एवढं? आता तोंड उघडलंत तर काम हातचं जाईल."

"वहिनीने बघितलंय ना," ती म्हणाली आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. बसायच्या आधीच बोलून टाकलं. "माझं चुकलंय. आठ दिवस द्या, नाहीतर काम दुसऱ्याला द्या."

डॉक्टरीणबाईंनी पाटी लांब ठेवून वाचली. हसू दाबत म्हणाल्या, "आठ नाही, पाच."

ते पाच दिवस वहिनी दाराशी आणि ही फरशीवर कागद पसरून. भची रेघ पुन्हा तोडली. किती तोडायची ते कंपास सांगेना, वहिनी सांगायची. "अजून थोडी. अहो, फार झाली! हां, आता भ वाटतो." धलाही घपासून असंच सोडवलं. कितीतरी गोल केसभर ओढावे लागले. मापात अचूक असलेला गोल वहिनीला चेपलेला दिसायचा.

पाट्या लागल्या. महिन्याभराने दोघी वहिनीचा डोळा दाखवायला गेल्या, बाकावर बसल्या. एक म्हातारा आत आला. मान वर केली, सरळ खिडकीशी गेला आणि खिशातून पेन काढलं.

"तीन वर्षं खपलात, वन्सं. तो तर बघितलं न बघितलं करून गेला की!"

"हो ना!" कंपासबाई पहिला नंबर आल्यासारखी हसली. मग वहिनीचा हात घट्ट धरून म्हणाली, "तू होतीस म्हणून गं."

"बरं बरं. आता त्या समोरच्या पाटीवरचा आकडा एक आहे की नऊ, तेवढं सांगा. आपला नंबर जाईल."

कंपासबाईने चष्मा काढला आणि आकड्याकडे बघत पर्समध्ये पेन्सिल शोधू लागली.