मेडिकल बोर्डाची तयारी

"टाय कुणी घालायला सांगितला होता ह्याला?" ताई सरकारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्यावर ओरडत होत्या. आवाज असा, की समोर हाडांच्या ओपीडीत प्लॅस्टर घालून बसलेले दोघे उठून चालायला लागले. एक तर जिना चढून गेला.

टाय मीच सांगितला होता. टायच काय, सगळंच.

ताई केंद्र सरकारच्या नोकरीत. धाकटा भाऊ त्यांच्यापाशी, दिल्लीत मयूर विहारला. त्याला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया. आठ-आठ दिवस अंघोळ नाही, गॅसजवळ एकटं सोडायची सोय नाही. त्यात ताईंची बदली गुवाहाटीला निघाली. भावाला दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर बदली टळणार होती, त्याचा डॉक्टर आणि त्याची खोली सुटणार नव्हती. दाखला देणार मेडिकल बोर्ड, म्हणजे टेबलापलीकडचे तीन डॉक्टर.

बोर्ड म्हटलं की माझ्या अंगात येतं. यूपीएससीच्या मुलाखतीच्या बोर्डापुढे मी तीनदा पडलोय; तेव्हापासून इथेच राहून मुलाखतीच्या शिकवण्या घेतो, दुसऱ्यांना पास करतो. ताईंच्या सोसायटीत दर रविवारी रुग्णांच्या घरच्यांची बैठक भरते. माझ्या आईच्या आजारपणापासून मी तिथला. अर्ज लिहिणं, खिडक्यांवर भांडणं माझ्याकडे. ताई म्हणाल्या, हा बोर्डापुढे भिंतीकडे बघत बसेल. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

पंधरा दिवस त्याच्या मॉक, म्हणजे लुटुपुटूच्या मुलाखती घेतल्या. डोळ्यांत बघायचं. "नाही" म्हणायचं नाही. अडलं तर हसायचं. इतका गुणी विद्यार्थी मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

बोर्डाच्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघत होतो. दहा मिनिटांत त्याने बोर्ड जिंकला. घर का काम कौन करता है, विचारल्यावर म्हणाला, "सर, मैं दीदी का हाथ बँटाता हूँ." सहा वर्षांत त्याने चमचा उचलून ठेवलेला नाही. छंद कुणी विचारले नव्हते, तेही सांगितले: वाचन आणि गिर्यारोहण. गिर्यारोहण माझ्या यूपीएससीच्या फॉर्मवरचं. मी पर्वतीपलीकडे काही चढलेलो नाही. ताई मध्ये बोलायला गेल्या तर मोठे डॉक्टर म्हणाले, मॅडम, इन्हें बोलने दीजिए, अच्छा बोल रहे हैं. ताईंच्या मांडीवरची केसपेपरची थप्पी तशीच राहिली. डॉक्टरांनी उठून त्याच्याशी हात मिळवला आणि दिव्यांगत्वाचा आकडा चाळीस टक्क्यांच्या बराच खाली लिहिला. बदलीसाठी चाळीसच्या खालचा दाखला चालत नाही.

ओरडून झाल्यावर ताई बाकावर बसल्या. मी फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला. त्या भावाला हळू आवाजात समजावत होत्या, की पुढच्या वेळी जे जमत नाही तेच सांगायचं. अंघोळ, गॅस, कानातले आवाज, सगळं. आणि टाय नको.

त्याने गाठ सोडली, टायची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. टाय माझाच होता.

"नापास व्हायचं होतं, तर आधी सांगायचं," तो म्हणाला.