पडद्यावर परत मिळालेली जमीन

आज रविवार, सकाळचे नऊ. पनवेलच्या थिएटरबाहेर मी बाबांसोबत उभा होतो. माझ्या आवडत्या तमिळ हिरोचा नवा सिनेमा हिंदीत लागला होता. बाबांना मुद्दाम आणलं, कारण गोष्ट गावाची जमीन जाण्याची होती. आमची उलव्याकडची जमीन विमानतळात गेली.

मित्रांनो, हिरोच्या एंट्रीला मी शिट्टी मारली. त्याच्या प्रत्येक सिनेमात तेच असतं, त्यामुळे पुढचं सगळं पाठ होतं, तरी मजा येत होती. शेवटी त्याने गुंड लोळवले, करार फाडला आणि जमीन गावाला परत! थिएटर नाचत होतं.

बाबा हळूच म्हणाले, "कागद फाडला का जमीन मिलते व्हय? मंग आमी येवढी वर्सं हापिसाच्या पायऱ्या उगाच झिजवल्या."

मला एकदम फसवल्यासारखं वाटलं. शाळा सोडली तेव्हापासून मी याच शेवटाला टाळ्या वाजवत आलोय.

"चुकलं बाबा, तुम्हाला आणायला नको होतं."

"नाय रं," ते अजून पडद्याकडेच बघत होते. "उद्या तुज्या आत्याला पन आनू. तिची पन जमीन गेली हाय. पडद्यावर तरी परत मिलताना बघंल."

त्या हिरोवर मी खरंच चिडलोय. तरी उद्याची तीन तिकिटं काढलीत. तुम्ही काय केलं असतं?