पेटी कोणी फोडली

माझ्या धाकट्या भावानं स्वतःच्या आयुष्यावर संगीत नाटक काढलं आहे. वय किती, तर एकोणतीस! पुण्यात राहतो आणि दौरे करतो. एकटाच बोलतो, एकटाच गातो, एकटाच रडतो. आमच्याकडची दंडार, कीर्तन, गझल, रॅप, पडद्यावर सावल्या, सगळं एकाच गंजात शिजवलेलं. शहरात आमची बोली ऐकवून हशा मिळवतो आणि गावात येऊन पुण्याची झाडतो.

यंदा मंडईला त्याचा प्रयोग आमच्या गावात ठरला. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि आमच्याकडे मंडईचं नाटक म्हटलं की पहाटेपर्यंत बसायचं. मायनं रीतीप्रमाणे सगळ्या सोयऱ्यांना सांगावा धाडला. आमगावहून माझ्या सासरचे झाडून सगळे आले. वडे तळले, जेवणं उरकली, आणि सतरंज्या-चादरी बगलेत मारून पंचवीस माणसं दिवेलागणीलाच मंडपात जाऊन बसली. माय नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. नाटक सत्तर मिनिटांचं आहे हे दिवट्यानं कोणाला सांगितलंच नव्हतं.

सुरू झालं. कानाला माईक चिकटवून हा म्हणतो, आमचं घर गळकं होतं. अरे, त्या कवेलूच्या छपराखाली तुझ्या अंगावर कधी थेंब पडला होता का? मग शाळेच्या वाटेवर वाघ आला. पडद्यावर सावली, मागे ढोल. शाळा घरासमोर, मधे एक पानठेला, आणि यानं नागझिऱ्याचा वाघ तिथं आणून बसवला! मी तोंडाला पदर लावून हसत होते. चालू दे म्हटलं, पुणेकरांना काय कळतं.

मग पेटीचा प्रवेश आला. नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून घरी येतो, अंगणात त्याची गाण्याची पेटी फुटून पडलेली, आणि बाप मुसळ घेऊन उभा. ‘माझ्या बापानं माझं गाणं फोडलं!’ असं ओरडून हा गुडघ्यावर बसला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या सासूबाई मायकडे वळून हळूच म्हणाल्या, “तुमचे मालक असे होते?” मायनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझं हसू गेलं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. स्वतःची बाजू सांगायला ते नाहीत.

नाटक संपल्यावर आमच्याकडे कलाकाराच्या घरच्यांना वर बोलावून शाल-नारळ देतात. मंडळाच्या माणसानं माझ्या हातात माईक दिला, ताईंनी दोन शब्द बोलावे म्हणून.

“पेटी बाबानं नाई फोडली,” मी म्हणाले. “म्या फोडली. दहावी पास झाल्यावर मले गोंदियाले कॉलेजात जायचं होतं. बाबा नाई म्हणाले, अन् याच्यासाठी पेटी घेऊन आले. राग आला, घेतलं मुसळ. दुसऱ्याच आठवड्यात मले पाहाले पाहुणे येणार होते. पोरगी अशी रागीट हाय हे त्यायले कळू नये म्हणून बाबानं सोताच्या अंगावर घेतलं.”

तर मंडपात टाळ्या! शिट्ट्या! मागून कोणीतरी ‘वन्स मोर’ ओरडलं. नाटकच असं होतं ना, कशाचा कशाला मेळ नाही, तेव्हा लोकांना वाटलं हाही त्याचाच भाग. ज्यांच्यापासून ते सगळं लपवलं होतं त्या माझ्या सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, “आमची सूनबाई नाटकात काम करते, आमाले पत्ताच नाई!”

मंडपामागे भाऊ आला. तोंड पांढरं पडलेलं. “ताई, खरं?”

“खरं.”

त्यानं कानाचा माईक काढून हातात धरला. मला वाटलं, आता तरी रडेल, खरंखुरं. तर म्हणतो कसा, “उद्या देवरीले प्रयोग हाय. येशील? शेवटी हेच बोल. पण बाबा फोडतात तो सीन मी काढणार नाही हं. तो काढला तर तुझ्या बोलण्याला वजनच राहत नाही.”

“लाज वाटते का रे तुले?” म्हणून मी तरातरा मायकडे गेले. ती रिकाम्या मंडपात सतरंजी झटकत होती. सगळं सांगितलं. वाटलं, ती त्याच्या कानाखाली वाजवेल.

“जाय,” माय म्हणाली.

“अवो माय, लोकं टाळ्या पिटून राहिले! खरं कोणालेच वाटत नाई!”

तिनं सतरंजीची घडी माझ्या हातात ठेवली. “तो गावोगाव तुया बाबाचं नाव खराब करून राहिला, अन् तू वीस वर्सं गप बसली. आता तो जाईल तिथं जाय, अन् सांग.”