गालावरचा तीळ

बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी लेझर मशीन चालवतो. ट्रॉफ्या, पाट्या, निरोपाच्या ढाली. शेजारच्या बाकावर साताऱ्याचे काका हाताने कोरायचे. त्यांना काम कमी आणि मला उसंत नाही, याचा मला चांगलाच माज होता.

एक बहारीनी गिऱ्हाईक वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आला. बरोक काळात युरोपातल्या बड्या लोकांचे चेहरे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापत, तसं चित्र त्याला हवं होतं. मालकाने काकांना तोंडावर सांगितलं, "ये पसंद आया तो व्हिसा रिन्यू, नहीं तो खलास."

काका महिनाभर पत्र्यावर वाकून होते. कोरणी जागच्या जागी, पत्राच फिरवायचे. रेघ गालाच्या गोलाईने जायची, उजेडात बारीक, सावलीत जाड. मी टिंगल करायचो, "काका, माझं मशीन दहा मिनिटांत करतं." ते म्हणायचे, "करू दे की. त्याला गाल कुठं ठावं हाय?"

छापायच्या दिवशी काका व्हिसाच्या मेडिकल तपासणीला गेले होते. पत्रा पुसताना मला गालावर चार टिंबं दिसली. मशीनवर फोटो घेताना आधी डाग काढायचे, ही माझी रोजची सवय. काकांचा हात घसरला असेल, असं समजून मी घोटायच्या सळईने ती सपाट केली आणि छाप काढला. वर स्वतःवर खूशही झालो.

संध्याकाळी गिऱ्हाइकाने कागदावर बोट ठेवलं. वडिलांचा तीळ कुठे? काका गडबडले, "अभी बना के देता हूँ." तो आवाज न चढवता म्हणाला, ज्याला तीळ दिसला नाही त्याने माझ्या वडिलांकडे बघितलंच नाही. कागद तिथेच टाकून तो गेला. मालक काकांवर ओरडला, "आँख गया तुम्हारा!" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोललो तर माझाच व्हिसा जाईल, एवढंच डोक्यात होतं. सांगायला लाज वाटते, मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर सटकलो.

गावी जायच्या आदल्या दिवशी काका भिंगातून पत्रा बघत बसले होते. मला जवळ बोलावलं.

"तीळ काढला हुता मी, आसं वाटतंय. तू बघितला हुतास का रं?"

"नाही काका."

"मग मालकाचंच खरं. डोळं गेलंच म्हणायचं माझं."