बसवून दाढ करणाऱ्या बाई

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत पाय वर आणि डोकं खाली गेलं की भल्याभल्यांचं अवसान गळतं. डॉक्टरबाईंनी हे दवाखाना काढला त्याच वर्षी हेरलं. त्या खुर्चीची पाठ अर्धीच कलती ठेवत, पेशंटला जवळजवळ बसतं ठेवत आणि वाकायचं ते स्वतः वाकत. वरची मागची दाढ अशा वेळी सरळ दिसत नाही. ती पाहायची तर डावा खांदा खाली टाकून, मान मुरडून, आपलं डोकं पेशंटच्या हनुवटीपाशी न्यावं लागतं. बाई सव्वीस वर्षं नेत आल्या. ‘बसवून दाढ करणाऱ्या बाई’ असं नाव झालं आणि लोक दोन-दोन बस बदलून येऊ लागले.

मान पहिल्यापासूनच दुखायची. बाईंनी आधी मलम लावलं, मग शेक घेतला. पुढे घरात पट्टा बांधू लागल्या आणि दवाखान्याच्या दारात तो काढून पिशवीत टाकू लागल्या, कारण मानेला पट्टा बांधलेल्या डॉक्टरकडे दाढ कोण देणार? यंदा उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट बधिर झालं, तेव्हा त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

“दिवसाला किती तास वाकता?”

“सात. कधी आठ.”

“तुमच्याकडे कोणी सहा महिने दात न घासता आला तर काय म्हणता त्याला?”

बाई बधिर अंगठा चोळत राहिल्या.

“ऑपरेशन करता येईल,” डॉक्टर म्हणाले, “पण तुम्ही परत तशाच वाकणार असाल तर मी कशाला कापू? आधी बसायची पद्धत बदला. नाहीतर ही दोन बोटं कामातून गेली म्हणून समजा.”

पद्धत घरातच होती. दोन वर्षांपासून भाची त्याच दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत काम करत होती. पेशंट पूर्ण आडवा, आपण त्याच्या डोक्यामागे, पाठ ताठ, कोपरं अंगालगत, वरची दाढ आरशात बघायची. “मावशी, तू त्यांना आडवं कर आणि स्वतः सरळ बस,” ती म्हणायची, “उलटं चाललंय तुझं सगळं.”

बाईंनी मनावर घेतलं. पण छोट्या आरशात पुढचं मागे दिसतं. शिकताना हे हाताला जमलं होतं, न वापरल्यामुळे गेलं. ड्रिल न्यायचं पुढे, ते मागे जाऊ लागलं. एकीच्या हिरडीला लागलं. तिनं तक्रार केली नाही, उलट बाईंनाच विचारलं, “बरं नाही का आज?” आणि आडवं व्हायला तर कोणी तयारच नव्हतं. ती सवय बाईंनीच लावली होती.

तीन आठवड्यांनी बाईंचे कपडे शिवणारे, जुने पेशंट शिंपीकाका आले. वरची शेवटून दुसरी दाढ, रूट कॅनाल.

“काका, आज जरा पूर्ण मागे घेते हं खुर्ची.”

“छे. झोपायचंच असतं तर घरी गादी काय वाईट होती?”

“माप घेताना तुम्ही हात वर करा म्हणता, मी करतेच ना?”

“ते माप झालं. हे माझं तोंड आहे.”

बाईंनी पाठ नेहमीइतकीच कलती केली, दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला आणि त्या वाकल्या. दाढेच्या मुळांतल्या दोन नळ्या साफ झाल्या. तिसऱ्या नळीसाठी त्यांनी केसाइतकी बारीक सुई चिमटीत धरली. धरली, असं त्यांना वाटलं. खाली पाहिलं तर सुई रबरावर पडलेली होती. पडदा नसता तर घशात गेली असती. काकांना पत्ता नव्हता. बाईंनी ती टाकून दुसरी घेतली. तीही पडली. ती सुटताना चिमटीत काहीच जाणवलं नव्हतं.

त्यांनी भाचीला हाक मारली. “तिसरी नळी तू कर.”

भाचीनं बाईंच्या हाताकडे पाहिलं. ती डोक्यामागच्या स्टुलावर बसली. “काका, आडवं करतेय,” म्हणाली आणि बटण दाबलं. खुर्ची सपाट होत गेली. बाई काकांच्या हाताकडे बघत होत्या. काही नको असेल तर हात वर करायचा, असं ठरलेलं होतं. हात पोटावरच राहिला. थोड्या वेळानं काकांचा श्वास लांबला. त्यांना चक्क डुलकी लागली होती.

लाळ ओढायची नळी बाईंनी डाव्या हातात घेतली आणि त्या आत बघू लागल्या.

“मावशी, मान,” आरशावरची नजर न काढता भाची म्हणाली.

बाई सरळ झाल्या. तिथून त्यांना दाढ दिसत नव्हती.